चक्कर येते, पण तपासणी कोणती करावी?

मागील अंकात कानाच्या पडद्याविषयी लिहिले होते, परंतु त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे चक्करविषयी निघाली. ती जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली असून, तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी गाऱ्हाणे बहुधा एकच आहे : एवढ्या तपासण्या झाल्या, सगळ्या नॉर्मल आल्या, तरी चक्कर काही जात नाही. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत. पत्रावरून निदान करता येत नाही. आपल्या डॉक्टरांशी बोलताना ही माहिती हाताशी असावी, एवढाच हेतू आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ६४ आहे. दोन महिन्यांपासून पहाटे कूस बदलताना आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की त्यांना एकदम गरगरते. ‘घर फिरी ऱ्हायनं’ म्हणत त्या खाटेची कड धरून बसतात. अर्ध्या मिनिटात थांबते, पण दिवसभर धास्ती राहते. मानेचा एक्स-रे काढला, मणके झिजल्याचे सांगून पट्टा दिला. मग मेंदूचा एमआरआय केला, तोही नॉर्मल. आता कोणी म्हणते की नाशिकला मशीनवर चक्करची तपासणी होते. त्यांना तेथे न्यावे का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : नाशिकला जाण्याची आत्ताच घाई करू नये. सासूबाईंची एक साधी तपासणी राहून गेलेली दिसते आणि तिला मशीन लागत नाही. रुग्णाला आडवे करता येईल असे टेबल आणि ती तपासणी करण्याचा सराव असलेला डॉक्टर, एवढे पुरते.

चक्करच्या रुग्णाला मी आधी तीन गोष्टी विचारतो : एका वेळची चक्कर किती वेळ टिकते, कशाने सुरू होते आणि तिच्याबरोबर कानाची काही तक्रार असते का. पहिल्या दोन्हींची उत्तरे आपल्या पत्रात आयतीच आली आहेत आणि कानाच्या तक्रारीचा त्यात उल्लेख नाही. काही सेकंदच टिकणारी, कूस बदलल्यावर किंवा मान वर केल्यावरच येणारी आणि ऐकू येण्यात काही फरक न पाडणारी चक्कर म्हटली, की पहिला संशय आंतरकर्णातील कणांवर जातो. प्रत्येक कानात तोल सांभाळणारे पाच अवयव असतात. त्यांपैकी तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या दिशेला वळले ते ओळखतात. उरलेल्या दोन पिशव्या, ज्यांना युट्रिकल आणि सॅक्युल म्हणतात, डोके किती कलले आणि सरळ रेषेत किती सरकले ते टिपतात. या पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने किंवा पुष्कळदा काहीच कारण न सापडता ते सुटतात आणि एखाद्या नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, शिरतात. मग कूस बदलली की कण घरंगळतात, नलिकेतील द्रव हलतो आणि डोके थांबलेले असतानाही ते फिरत असल्याचा निरोप मेंदूला जातो. कण तळाशी बसले की चक्कर थांबते. या आजाराला बीपीपीव्ही म्हणतात.

तो ओळखण्याची रीत मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली लंडनहून प्रसिद्ध केली आणि आजही तीच वापरली जाते. रुग्णाला टेबलावर पाय लांब करून बसवतात, डोके ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि दोन्ही हातांनी डोके धरून त्याला झटकन मागे निजवतात, असे की डोके टेबलाच्या कडेच्या थोडे खाली राहील. डोळे मात्र उघडे ठेवायचे असतात, आणि नेमके तेच रुग्णाला अवघड जाते; म्हणून नातेवाइकाने बाजूला उभे राहून धीर द्यावा. पहिले काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळे वरच्या दिशेने उडू लागतात आणि त्याच वेळी खाली असलेल्या कानाकडे गोल वळसा घेतात. ही थरथर वाढते, ओसरते आणि मिनिटाच्या आत थांबते. लगेच पुन्हा तसेच केले तर ती कमी दिसते. ज्या बाजूचा कान खाली असताना हे घडते, त्या बाजूचा कान दोषी. दोन्ही बाजूंना काहीच आढळले नाही, तर रुग्णाला उताणे निजवून डोके उजवीकडे-डावीकडे वळवून आडव्या नलिकेची तपासणी करतात; पुष्कळ ठिकाणी ही पायरी गाळली जाते. सासूबाईंची मान खरोखरच आखडलेली असेल, तर तसे आधी सांगावे. अशा रुग्णाला मान न लटकवता कुशीवर निजवूनही ही तपासणी करता येते.

तपासणी होकारार्थी आली की त्याच टेबलावर, त्याच भेटीत उपचारही होतो. अमेरिकेतील जॉन एप्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत डोके ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेतून बाहेर पिशवीत सोडतात. बहुतेकांना एक-दोन वेळांत बरे वाटते. मात्र आजार काही महिन्यांनी वा वर्षांनी उलटू शकतो.

आता मानेविषयी. साठीनंतर एक्स-रे काढला तर चक्कर न येणाऱ्या माणसाच्याही मानेचे मणके झिजलेले दिसतात. त्यामुळे एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणजे चक्करचे कारण सापडले, असा अर्थ निघत नाही. आपल्याकडे मात्र चक्कर, एक्स-रे आणि मानेचा पट्टा यांची साखळी इतकी घट्ट झाली आहे की पट्टा बांधलेल्या कित्येकांचे कान कोणी तपासलेलेच नसतात. एमआरआय नॉर्मल आला याचेही नवल नाही, कारण हे कण एमआरआयमध्ये दिसत नाहीत. विहिरीवरच्या पंपाचा फोटो काढला तर पंप जागेवर आहे एवढे कळते, तो पाणी किती उचलतो ते कळत नाही. आंतरकर्णाच्या बाबतीत एमआरआयचे तसेच आहे.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे की, निजवून केलेली तपासणी होकारार्थी असेल आणि दुसरी काही शंका नसेल, तर अशा रुग्णाचा एमआरआय करू नये आणि मशीनवरची तोलाची तपासणीही करू नये. तेव्हा सासूबाईंना जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि ‘डिक्स-हॉलपाइक झाली आहे का, नसल्यास करता येईल का’ असे नाव घेऊन विचारा. डॉक्टरांना नाव घेऊन विचारण्यात उद्धटपणा नाही. तपासणी व्यवस्थित होऊनही काही हाती लागले नाही, किंवा थरथर वेगळ्याच दिशेने दिसली, तर पुढच्या तपासण्यांचा विचार करावा.

प्रश्न : मी शिक्षक आहे, वय ४६. तीन महिन्यांपूर्वी दोन दिवस सलग भयंकर चक्कर व उलट्या झाल्या. आता चक्कर नाही, पण चालताना एका बाजूला झोक जातो. डॉक्टरांनी ‘व्हीएनजी’ लिहून दिली आहे. यात करंट देतात का? कानात पाणी सोडतात ते धोक्याचे नाही ना? आणि चालू गोळ्यांचे काय करावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : करंट देत नाहीत, सुई टोचत नाहीत आणि भूलही देत नाहीत. व्हीएनजी म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचे चित्रण. आंतरकर्ण आणि डोळे यांचा मेंदूमार्फत थेट संबंध असतो. डोके जेवढे उजवीकडे वळते तेवढेच डोळे आपोआप डावीकडे वळतात, म्हणून चालताना समोरचे दृश्य स्थिर राहते. हा संबंध बिघडला की डोळ्यांत ते उमटते. तपासणीत इन्फ्रारेड कॅमेरे बसवलेला चष्मा लावतात आणि तो झाकून पूर्ण अंधार करतात, कारण कानाच्या बिघाडातून येणारी थरथर समोर बघायला काही असले की दबते आणि अंधारात उघडी पडते. आधी हलत्या ठिपक्याचा नजरेने पाठलाग करायला लावतात. या भागात मेंदूचे काम तपासले जाते. मग डोके निरनिराळ्या स्थितींत ठेवून नोंदी घेतात. शेवटी येते ती कॅलोरिक तपासणी, म्हणजे आपण विचारलेले पाणी.

या पाण्यामागची कथा सांगण्यासारखी आहे. व्हिएन्नातील डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धूत असत आणि त्यांना चक्कर येत असे. पाणी गार होते अशी तक्रार आल्यावर त्यांनी जास्त कोमट पाणी घेतले, तर डोळ्यांची थरथर उलट्या दिशेने झाली. यातून त्यांनी ताडले की पाण्याने कानातील द्रवाचे तापमान बदलते, द्रव वर किंवा खाली सरकतो आणि डोके न हलवताही नलिका उत्तेजित होते. १९१४ चे वैद्यकातील नोबेल त्यांना याच क्षेत्रातील कामासाठी मिळाले आणि ते जाहीर झाले तेव्हा बारानी रशियात युद्धकैदी होते. पुढे १९४२ मध्ये फिट्झजेराल्ड आणि हॉलपाइक यांनी पद्धत बांधून दिली : डोके ३० अंश उंच ठेवून प्रत्येक कानात एकदा ३० अंश सेल्सिअसचे आणि एकदा ४४ अंशांचे पाणी, म्हणजे शरीराच्या तापमानाहून सात अंश कमी आणि सात अंश जास्त.

पाणी अर्धा-पाऊण मिनिट सोडतात, त्यानंतर एक-दोन मिनिटे गरगरते आणि ओसरते. दोन वेळांच्या मध्ये विश्रांती देतात. गरगरत असताना तंत्रज्ञ तुम्हाला भाज्यांची नाहीतर जळगाव जिल्ह्यातील तालुक्यांची नावे सांगायला लावतील. ती वेळ घालवण्याची युक्ती नसते, मन गुंतलेले नसेल तर थरथर दबून नोंद चुकीची येते. पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी सांगणे अत्यावश्यक आहे. अशा कानात पाणी घालत नाहीत, गार-गरम हवा वापरता येते का ते डॉक्टर ठरवतात. कानात मळ असेल तर तो आधी काढून घ्यावा.

गोळ्यांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण यातच तपासणी वाया जाते. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या डोळ्यांची प्रतिक्रियाही दाबतात; त्या साधारणतः ४८ तास आधी बंद ठेवतात, मद्यही तितकाच वेळ वर्ज्य. परंतु रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आणि फिट्स यांची औषधे स्वतःच्या मनाने कदापि थांबवू नयेत. कोणती गोळी बंद करायची याची यादी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. डोळ्यांत काजळ किंवा सुरमा नको, कारण कॅमेरा बाहुलीचा काळा ठिपका शोधतो आणि काजळाने फसतो. तपासणीआधी दोन-तीन तास हलकेच खावे, आणि परतताना मोटारसायकल स्वतः चालवू नये. सोबत कोणाला तरी न्यावे.

जाता जाता एक सांगतो. चक्कर दाबणाऱ्या या गोळ्या तीव्र दुखण्यात दोन-चार दिवसांसाठी असतात. आपल्यासारखा आजार एका बाजूच्या तोलाच्या नसेला सूज आल्याने झाला असेल, तर मेंदू उरलेल्या कानाच्या आधारे तोल पुन्हा जुळवून घेतो, आणि या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर ते जुळवणे लांबते. वयस्कर माणसांत प्रोक्लोरपेराझिन व सिनारिझिन दीर्घकाळ घेतल्याने हात कापणे, अंग जड होणे अशी कंपवातासारखी लक्षणेही दिसतात. तीन महिन्यांनंतरही त्या चालू असतील, तर तपासणीच्या निमित्ताने तो विषय डॉक्टरांकडे काढा.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये ‘डाव्या बाजूला ३८ टक्के कॅनाल पॅरेसिस’ असे लिहिले आहे. म्हणजे माझा डावा कान ३८ टक्के निकामी झाला का? त्याच रिपोर्टमध्ये ‘व्हीएचआयटी नॉर्मल’ असेही आहे. खरे कोणते मानावे?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. हा आकडा कान किती निकामी झाला ते सांगत नाही; दोन कानांतील तफावत सांगतो. समजा, उजव्या कानात गार आणि गरम पाण्याने डोळ्यांच्या संथ हालचालीचा वेग सेकंदाला २०-२० अंश, म्हणजे एकूण ४० आला, आणि डाव्या कानात ९-९ मिळून १८ आला. दोन्हींतील फरक २२, बेरीज ५८, आणि २२ ला ५८ ने भागले की ३८ टक्के. बहुतेक प्रयोगशाळा २० ते २५ टक्क्यांपर्यंतचा फरक नैसर्गिक मानतात, म्हणून आपल्या डाव्या बाजूला अशक्तपणा आहे असे म्हटले. पाणी एका कानात नीट पोचले नाही, मळ राहिला किंवा डोळे मिटले गेले, तरी असा फरक पडू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

व्हीएचआयटी ही वेगळी परीक्षा आहे. भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर लावून बसलेल्या रुग्णाचे डोके परीक्षक मागून धरून अचानक, छोटासा पण वेगवान झटका देऊन वळवतो. कान चांगला असेल तर नजर ठिपक्यावरच राहते. नसेल तर नजर डोक्याबरोबर घसरते आणि मग डोळे उडी मारून ठिपक्यावर परततात. ही उडी कधी इतकी चटकन होते की नुसत्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यालाच दिसते. हाल्मागी आणि कर्थॉइज यांनी १९८८ साली हाताने करायची ही परीक्षा मांडली, कॅमेरा नंतर आला. पाण्याची तपासणी फक्त आडव्या नलिकेची आणि अत्यंत संथ हालचालीची असते, तर व्हीएचआयटी सहाही नलिकांची आणि नेहमीच्या वेगाची. त्यामुळे एक बिघडलेली आणि दुसरी नॉर्मल, असे घडते. मेनियर या आंतरकर्णाच्या आजारात तर ते वारंवार आढळते. पिशव्यांची परीक्षा या दोन्हींत होतच नाही, त्यासाठी ‘व्हेम्प’ नावाची तिसरी तपासणी असते. तिच्यात कानात मोठा टकटक आवाज देऊन मानेच्या किंवा डोळ्याखालच्या स्नायूंची प्रतिक्रिया मोजतात. आपली ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली नसेल तर ती करून घ्या आणि सगळे कागद एकत्र घेऊन तज्ज्ञांना दाखवा. सुटा आकडा घेऊन चिंता करू नये.

प्रश्न : बायकोला चक्कर येते तेव्हा एका कानात घूं असा आवाज होतो, कान भरल्यासारखा वाटतो, दोन-तीन तासांनी सगळे ठीक होते. ऑडिओमेट्री केली, ती नॉर्मल आली.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : ऑडिओमेट्री केली तेव्हा कान बरा होता की भरलेला होता, यावर सारे अवलंबून आहे. मेनियर आजारात २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंतच्या चकरा येतात आणि ऐकणे, विशेषतः जाड आवाजाचे, कमी-जास्त होत राहते. सुरुवातीच्या काळात ते मधल्या दिवसांत पूर्ववत होते. म्हणून पुढच्या वेळी कान भरलेला असतानाच, किंवा चक्कर थांबल्यावर त्याच अथवा दुसऱ्या दिवशी, ऑडिओमेट्री करावी आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघावेत. डोकेदुखी, उजेड किंवा आवाज सहन न होणे असे काही असेल तर तेही सांगावे, कारण मायग्रेनची चक्करही काही तास टिकते आणि ती ओळखणारी मशीन अजून निघालेली नाही; तिचे निदान हकिकतीवरूनच होते.

प्रश्न : वडिलांना (वय ६८, मधुमेह) सकाळपासून सारखी चक्कर होती, उभे राहता येत नव्हते. सीटी स्कॅन नॉर्मल आल्याने ‘कानाची चक्कर’ म्हणून घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी लहान मेंदूला झटका आल्याचे कळले. कोणती तपासणी राहिली?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : वडिलांच्या कागदांवाचून त्यांच्याविषयी निर्णय देणे योग्य नाही, पण आपला प्रश्न सर्वांच्या उपयोगाचा आहे. लहान मेंदू आणि मेंदूच्या देठातील रक्तपुरवठा बंद पडला, तर पहिल्या काही तासांत साधा सीटी स्कॅन पुष्कळदा नॉर्मल दिसतो. त्याचा खरा उपयोग रक्तस्राव झालेला नाही हे पाहण्याला असतो. एमआरआयसुद्धा पहिल्या एक-दोन दिवसांत लहान झटका चुकवू शकतो. अशा वेळी, म्हणजे चक्कर तासन्‌तास सलग चालू असताना आणि डोळे थरथरत असतानाच, तीन गोष्टी तपासायच्या असतात, ज्यांना मिळून ‘हिंट्स’ म्हणतात : डोके झटकन वळवले की नजर घसरते का, थरथरीची दिशा नजरेबरोबर बदलते का, आणि एकेक डोळा झाकून उघडताना डोळा वर-खाली सरकतो का. येथे पहिल्या परीक्षेचा अर्थ उफराटा असतो. सलग चक्कर येत असताना डोके वळवण्याची ही परीक्षा नॉर्मल आली, तर दोष कानात नसून मेंदूत असण्याचा संशय वाढतो. या तिन्ही परीक्षा शिकलेल्या हाताने केल्या तरच विश्वासार्ह ठरतात.

घरच्यांनी एवढे पाहावे : जीभ जड होणे, एकाचे दोन दिसणे, हातापायातील शक्ती जाणे, गिळताना ठसका, तीव्र नवी डोकेदुखी, किंवा आधाराशिवाय बसता-उभे राहता न येणे. यांपैकी काहीही चक्करबरोबर असेल तर १०८ ला फोन करून न्यूरोलॉजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, त्यामुळे चक्कर नेमकी किती वाजता सुरू झाली ते सांगता आले पाहिजे.

प्रश्न : उन्हाळ्यात शेतातून आल्यावर खाली बसून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. कानाची तपासणी करू का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : आधी रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर कारण कानात नाही. मे महिन्यात शरीरातील पाणी-मीठ कमी होऊन असे घडते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही घडते. हिमोग्लोबिन आणि साखरही तपासावी.

प्रश्न : आईला दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनची इंजेक्शने दिली होती. तेव्हापासून तिला गरगरत नाही, पण अंधारात भिंत धरून चालते आणि चालताना समोरची माणसे हलताना दिसतात असे म्हणते. ऐकू चांगले येते. डोळ्यांची तपासणी नॉर्मल आहे.
— एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : दोन्ही कानांतील तोलाचे अवयव एकाच वेळी दुबळे झाले की गरगरत नाही, कारण उजव्या-डाव्यात तफावतच उरत नाही, म्हणून अशा रुग्णांकडे दुर्लक्ष होते. जेंटामायसिन आणि पूर्वी क्षयरोगात सर्रास दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन ही औषधे ऐकण्यापेक्षा तोलाला जास्त इजा करतात. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर धोका वाढतो.

साधी परीक्षा अशी : डोळ्यांच्या तक्त्यावर आईला किती ओळी वाचता येतात ते पाहावे, मग डॉक्टरांनी तिचे डोके हलकेच पण भराभर उजवीकडे-डावीकडे हलवत ठेवून पुन्हा वाचायला सांगावे. तीन-चार ओळी कमी झाल्या तर संशय पक्का होतो. त्यानंतर मात्र व्हीएचआयटी आणि कॅलोरिक या दोन्ही तपासण्या कराव्यात, त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागले तरी चालेल. येथे मशीनचा खरा उपयोग आहे, कारण दोन्ही बाजूंचे काम किती शिल्लक आहे त्यावर व्यायामाची आखणी ठरते. गेलेली शक्ती औषधाने परत येत नाही. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नजर स्थिर ठेवण्याचे व चालण्याचे व्यायाम केले तर चालणे बरेच सुधारते. तोवर रात्री संडास-मोरीच्या वाटेवर दिवा राहू द्या, आईला विहिरीत वा नदीत एकटीला उतरू देऊ नका, आणि जेंटामायसिन दिल्याची नोंद असलेले रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवून यापुढे प्रत्येक डॉक्टरांना दाखवा, म्हणजे त्या गटातील इंजेक्शन पुन्हा दिले जाणार नाही.